गुडघ्यावरचा हात आणि मेरुरज्जूतलं दार

गेल्या रविवारी सकाळी अजिंक्यताऱ्यावरून उतरताना भाचा घसरला. पावसाळ्यात तिथल्या दगडांवर शेवाळ धरलेलं असतं, त्यात याच्या पायात झिजलेली चप्पल. उजवा गुडघा दगडावर आपटला. त्याने आधी दोन्ही हातांनी गुडघा गच्च धरला, डोळे मिटले आणि चोळायला लागला. "आई गं" तोंडातून निघालं ते नंतर.

मंगळवार पेठेतल्या घरी पोचलो तोवर फोनवरून बातमी पुढे गेली होती. आई सहाणेवर आंबेहळद उगाळत होती, वहिनीने बर्फ काढून ठेवला होता, आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, "कशाला डॉक्टर? मागच्या आळीत एक पायाळू आहे. त्याचा पाय लावून घ्या, लचक जागच्या जागी उतरते."

या सगळ्या उपायांच्या आधी भाच्याच्या हातांनी जे केलं, ते मला फार मोलाचं वाटतं. चोळल्याने दुखणं खरंच कमी होतं, आणि ते का होतं हे कळलं की बाकीच्या उपायांचीही पारख करता येते.

मराठीने दुखण्याला वेगवेगळे शब्द दिलेत. दिवाणाच्या कोपऱ्यावर गुडघा आपटतो तेव्हा आधी येते ती कळ: बारीक, तीक्ष्ण, बोट ठेवून दाखवता येईल अशी. मग क्षणभराने ठणका सुरू होतो, पसरट आणि रेंगाळणारा. हे दोन्ही वेगळ्या वाटांनी येतात. कळ आणणाऱ्या ए-डेल्टा चेतातंतूंवर मायलिनचं, म्हणजे एका चरबीयुक्त पदार्थाचं, पातळ आवरण असतं, त्यामुळे संदेश सेकंदाला 5 ते 30 मीटर वेगाने धावतो. ठणका आणणारे सी तंतू उघडे असतात, त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम 1 मीटरच्या आसपास. गुडघ्यापासून मेरुरज्जूपर्यंतचं, म्हणजे पाठीच्या कण्यातल्या चेतांच्या दोरापर्यंतचं, अंतर अर्ध्या मीटरहून थोडं जास्त धरलं, तर ठणक्याला पोचायला अर्धा सेकंद तरी लागतो. कळ आणि ठणका यांच्यामधला तो विचित्र शांत क्षण म्हणजे हाच अर्धा सेकंद.

तिसरी वाट स्पर्शाची. ए-बीटा तंतू जाड असतात, मायलिनने नीट गुंडाळलेले, सेकंदाला 30 ते 70 मीटर वेगाचे. या तिन्ही वाटा मेरुरज्जूच्या मागच्या भागात एकत्र येतात. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 साली मांडलं की तिथे एक दार आहे. वेदनेचा संदेश मेंदूकडे पाठवणारी एक चेतापेशी असते आणि तिला आवरणारी दुसरी, लहानशी. या दुसरीला मी दरवान म्हणतो. बारीक तंतू पाठवणाऱ्या पेशीला चेतवतात आणि त्याच वेळी दरवानाला गप्प करतात, म्हणजे दार उघडतं. स्पर्शाचे जाड तंतूही पाठवणाऱ्या पेशीला चेतवतात, पण ते दरवानालाही जागं करतात, आणि तो पाठवणाऱ्या पेशीला दाबतो. किती वेदना वर जाईल हे या दोन ओघांच्या तोलावर ठरतं. शिवाय मेंदूकडून खाली येणारे हुकूमही याच दाराशी पोचतात. तालमीत पैलवानाला कुस्तीच्या भरात लागलेलं कळत नाही आणि घरी पाय पसरल्यावर गुडघा ठणकायला लागतो, ते यामुळेच. मेलझॅक-वॉल यांच्या आकृतीतले काही तपशील पुढे चुकीचे ठरले, पण दाराची मूळ कल्पना टिकली. फिजिओकडे चिकटपट्ट्या लावून 'करंट' देतात त्या यंत्राचा जन्म त्यातूनच झाला.

आता आईच्या लेपाकडे या. हळदीतलं कुरक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे ते लेपातून मुरून सांध्यात पोचेल अशी आशा धरू नये. तरी लेपाचा ओलावा, ताण आणि लावणारा मायेचा हात त्या दाराशी काम करतातच. बामचंही तसंच. त्यातला मेंथॉल थंडी ओळखणाऱ्या टीआरपीएम-8 या चेतातंतूंवरच्या प्रथिनाला चेतवतो, म्हणून कातडी गार न पडताही गार वाटतं.

पायाळूबद्दल मात्र मला स्पष्ट सांगायचंय. जन्मताना पाय आधी बाहेर आले म्हणून कुणाच्या पायात गुण येत नाही. दाबल्याने घटकाभर बरं वाटेल, कारण दार मिटतं. पण आत अस्थिबंध फाटला असेल तर तोच दाब इजा वाढवतो. दुखणं थांबणं आणि इजा भरणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

बर्फाचीही गोष्ट तीच. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणं हे सूत्र गेब मर्किन या डॉक्टरांनी 1978 साली रूढ केलं आणि पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं की बर्फाने भरून येणं लांबू शकतं. बर्फ लावायचा तो वेदनेसाठी: फडक्यात गुंडाळून, 15-20 मिनिटं, उघड्या कातडीवर कधीच नाही. क्रेप बँडेज बांधावं, पण बोटं निळसर पडतील इतकं आवळू नये. पहिले दोन दिवस रगडून मालिश आणि कडक शेक टाळावा. हलका हात गुडघ्याच्या भोवताली फिरवावा. गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल, पाकिटावरच्या मात्रेतच.

भाच्याला मी आधी चार पावलं चालायला लावलं, मग गुडघा काटकोनात वाकवायला. कॅनडातल्या ओटावामध्ये ठरवलेल्या नियमांत एक्स-रेची गरज ओळखायला या दोन्ही कसोट्या आहेत. नडगीच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या जरा खाली असलेल्या हाडाच्या गोळ्यावर दुखलं, फक्त वाटीवर दाबून दुखलं, किंवा वय 55 वा त्याहून जास्त असलं तरीही एक्स-रे काढावा लागतो. याखेरीज दोन-तीन तासांतच गुडघा फुगला तर आत रक्त साचलेलं असू शकतं. सांधा अडकला, किंवा लाल-गरम होऊन ताप आला, तरी लेपावर थांबू नये.

याला यातलं काही नव्हतं. सूज चढली ती रात्री, थोडीशी. दुसऱ्या दिवसापासून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती मांडीच्या ताकदीने दाबायला सांगितली, पाच सेकंद दाबून सोडायची, कारण गुडघा सुजला की मांडीचा स्नायू आळसावतो. आईने लेपही लावला. चौथ्या दिवशी तो न लंगडता जिना उतरला.