थराखाली गेलो म्हणजे सुटलो?

पाणबुडीचे सिम्युलेशन खेळ खेळणाऱ्यांमध्ये एक सल्ला हटकून ऐकू येतो: विनाशिका (पाणबुड्यांची शिकार करणारी युद्धनौका) मागे लागली की ‘थर्मल लेयर’च्या खाली जा, मग ती तुम्हाला शोधूच शकत नाही. सल्ला निम्मा खरा आहे, पण उरलेल्या निम्म्यावर विसंबलात तर पाणबुडी बुडते.

विनाशिका पाणबुडी शोधते ती ‘सोनार’ या यंत्राने: पाण्यात ध्वनी सोडायचा आणि प्रतिध्वनी ऐकायचा. समुद्राच्या वरच्या पाण्याला लाटा घुसळत असतात, त्यामुळे तिथलं तापमान साधारण सारखं राहतं. त्याखाली ते झपाट्याने उतरतं. ही सीमा म्हणजेच ‘थर्मल लेयर’. समजा वर 24 अंश, खाली 18 अंश सेल्सिअस. ध्वनीचा वेग वर सेकंदाला सुमारे 1532 मीटर, खाली 1516. फरक जेमतेम एक टक्का, पण तोच सगळा खेळ करतो. प्रकाशाचं अपवर्तन शाळेत शिकलो, तेच इथे ध्वनीचं होतं: तो कमी वेगाच्या बाजूला वळतो. सीमेला जवळजवळ समांतर आलेला किरण खाली शिरताच 8 अंशांनी कलतो. वरच्या थरात मात्र उलट घडतं. तिथे खोलीबरोबर दाब वाढतो, वेग किंचित वाढतो आणि आडवे किरण पुन्हा वर वळतात. काही किरण वर, काही खाली! मधल्या पट्ट्यात ध्वनी फार थोडा पोहोचतो, आणि प्रतिध्वनीला हाच प्रवास परतीचाही करावा लागतो. लांबवरची विनाशिका बहिरी होते ती यामुळे.

आता तीच विनाशिका जवळ येऊ द्या. तिचा किरण 30 अंशांनी तिरपा आला, तर सीमा ओलांडून तो 31 अंशांचा होतो. म्हणजे वळलाच नाही म्हणा ना. थर म्हणजे छप्पर नव्हे. तो तिरक्या नजरेपासून लपवतो, डोक्यावर आलेल्या शत्रूपासून नाही. म्हणून थराखाली जायचं ते शत्रू दूर असताना, आणि गेल्यावर मंद गतीने लांब सरकायचं. ‘अदृश्य पाणबुडी’ अशा मथळ्यांचे व्हिडिओ हा अर्धा भाग गाळतात, याची मला खरोखर चीड येते.

1930च्या दशकात अमेरिकी नौदलाला कोडं पडलं होतं: सकाळी नीट चालणारा सोनार दुपारी का फसतो? जेवणानंतर सोनारवाले पेंगतात, असाही संशय घेतला गेला. खरं कारण ऊन होतं. दुपारपर्यंत वरचं पाणी तापे आणि ध्वनी खाली वळून जाई. याच काळात अथेल्स्टन स्पिलहाउस यांनी बॅथिथर्मोग्राफ बनवला. त्यातली सुई काजळी धरलेल्या काचपट्टीवर खोलीनुसार तापमानाची रेघ ओढत असे. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांवरही हे यंत्र बसलं आणि थर कुठे आहे ते कप्तानाला कळू लागलं.

डोक्यावर आलेल्या विनाशिकेचं काय? त्या युद्धाच्या काळातला तिचा सोनार पुढे रोखलेला, म्हणून अगदी जवळ आल्यावर खोल पाणबुडी त्याच्या झोतातून निसटते. डेप्थ चार्ज (ठरलेल्या खोलीवर फुटणारा बॉम्ब) सेकंदाला साधारण 3 मीटर बुडतो. 150 मीटर गाठायला त्याला 50 सेकंद लागतात. तेवढ्यात 6 नॉट वेगाची पाणबुडी दीडशे मीटर सरकते. वळायचं ते याच वेळी. स्फोटांनी पाणी ढवळून निघालं की काही काळ कुणालाच नीट ऐकू येत नाही, त्या आवाजाच्या आडून वेग वाढवता येतो.

हेजहॉग या जहाजावरच्या बॉम्बफेकी अस्त्रापुढे मात्र ही युक्ती चालत नाही. तो 24 बॉम्ब पुढे फेकतो, सोनारचा संपर्क सुटण्याआधीच, आणि ते आदळले तरच फुटतात. नेम चुकला तर स्फोट नाही, म्हणून लपायला आवाजही नाही. मे 1944मध्ये ‘इंग्लंड’ या एकाच अमेरिकी एस्कॉर्ट जहाजाने पॅसिफिकमध्ये सहा जपानी पाणबुड्या बुडवल्या, त्या मुख्यतः याच अस्त्राने.