सुनीत : सौंदर्य आणि संयम

सुनीत म्हणजे एकच विचार चौदा ओळींत बांधणारी कविता. इटलीत जन्मलेला हा प्रकार इंग्रजीमार्गे मराठीत आला. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून मॅट्रिक झालेल्या केशवसुतांचे ‘मयूरासन आणि ताजमहाल’ (१८९२) हे मराठीतले पहिले सुनीत मानतात. पुढे पुण्यातच १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातील माधव जूलियन, यशवंत, गिरीश आदी कवींनी ते वाचकांच्या अंगवळणी पाडले.

मराठी सुनीत बहुधा शार्दूलविक्रीडित या वृत्तात असते. ओळीला १९ अक्षरे, बाराव्यावर यती म्हणजे विराम, प्रत्येक अक्षराचे लघुगुरुत्व ठरलेले. चौदा ओळींची २६६ अक्षरे होतात. इंग्रजी सुनीतात ओळीला साधारण दहाच. आपल्याकडे जागा ऐसपैस, पण मोकळीक जवळजवळ नाही. संयम इथे आशयाच्या आधी वृत्तातच असतो, आणि वृत्तात वाढलेल्या वाचकाला त्याचे ओझे वाटत नाही.

सौंदर्य आणि संयम यांचा सर्वांत अवघड हिशेब शेक्सपिअरच्या १५४ सुनीतांपैकी (प्रकाशन १६०९) ९४ व्या सुनीतात आहे. दुखावण्याची ताकद असून जे दुखावत नाहीत, इतरांना हलवून स्वतः दगडासारखे स्थिर राहतात, तेच आपल्या रूपाचे खरे धनी, असे पहिल्या आठ ओळी सांगतात. नवव्या ओळीला कविता अचानक एका उन्हाळी फुलाकडे वळते. त्याला कीड लागली तर हलके तणही त्याहून बरे. सडलेल्या लिलीचा वास तणापेक्षा वाईट.

ही स्तुती आहे की ठपका, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मराठी वाचकाला मात्र हा पेच ओळखीचा वाटावा. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कासवाप्रमाणे इंद्रिये आवरून घेणारा स्थितप्रज्ञ आहे, आणि तिसऱ्यात, वरून आवरलेला पण मनात विषय घोळवणारा मिथ्याचारी. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. ‘दगडासारखे’ हा शब्द पहिल्याला लावला तर ती स्थिरता, दुसऱ्याला लावला तर निव्वळ थंडपणा. प्रस्तुत लेखकाला दुसरे वाचन अधिक पटते, कारण लिलीची कीडही आतूनच पोखरत येते. पाकळ्या बराच काळ शुभ्रच राहतात.