विमान लेट झालं की रद्द झालं? पैसे कुठे मिळतात आणि कुठे नाही

रेल्वेचं आपल्याला पाठ आहे. देवगिरी एक्सप्रेस ३ तासांहून जास्त लेट असली आणि जायचं नसलं, तर गाडी सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे रिफंडचा अर्ज, भरायचा, पूर्ण पैसे परत. हाच हिशोब विमानाला लावला की घोळ होतो. चिकलठाण्याला, म्हणजे संभाजीनगरच्या विमानतळावर, मुंबईचं विमान ४ तास लांबलं की रांगेतलं कुणीतरी ठणकावून सांगतंच, "१० हजार द्यावेच लागतात, नियम आहे." नियम आहे, पण तो विमान रद्द झालं तर.

विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी डीजीसीएच्या नियमांत नुसत्या उशिरासाठी रोख भरपाई नाही. उशिरात मिळते ती सोय. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला २ तास उशीर झाला की खाणंपिणं मागा, हक्काने मागा. ६ तासांपेक्षा जास्त लांबणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड, निवड तुमची. २४ तासांवर गेलं, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ च्या दरम्यानचं विमान ६ तासांहून लांबलं, तर हॉटेल. रिफंड घेतला म्हणजे भरपाई मिळाली असं लोक समजतात, याची मला फार चीड येते. ते तुमचेच पैसे होते.

रद्द झालं आणि २४ तास आधी कळवलंच नाही, तर मात्र रिफंड किंवा दुसऱ्या विमानाशिवाय वरून पैसे मिळतात: १ तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,०००, २ तासांपर्यंत ७,५००, त्यापुढे १०,००० रुपये. पण हा आकडा, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी ते. स्वस्तात काढलेल्या तिकिटावर १० हजारांची आस धरू नका. धुकं, पूर, संप अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणं असली तर तेही नाही.

आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त नडतं ते वेगळंच. एजंट तिकीट काढताना स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतो. बुकिंगला प्रवाशाचा नीट संपर्क दिला नसेल तर रोख भरपाई मिळत नाही, असं नियमच सांगतो. एजंटसमोर बसून आपला नंबर टाकून घ्या. लाजायचं काय त्यात?

विमान लेट झालं की ६०० युरो मिळतात असा जो मेसेज फिरतो, तो युरोपचा कायदा. तिथे उशिरालाही पैसे आहेत. फ्रँकफर्टहून मुंबईला येणारं विमान कुठल्याही कंपनीचं असो, तो लागू होतो. मुंबईहून तिकडे जाताना मात्र युरोपीय कंपनी असेल तरच.

उशिरामुळे खरोखर नुकसान झालं असेल, म्हणजे परीक्षा बुडाली, पुढचं वेगळं तिकीट वाया गेलं, तर काउंटरवर भांडू नका. उशिराचं कारण कंपनीकडून लेखी घ्या, बोर्डिंग पास आणि खर्चाच्या पावत्या जपा, एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मुदत २ वर्षं, आणि तिकीट ५ लाखांच्या आतलं असेल तर फी लागत नाही.