ट्रिस्केल: तीन पायांच्या सर्पिलाची पार्श्वभूमी

दागिन्यांच्या दुकानांपासून पर्यटन पुस्तिकांपर्यंत सर्वत्र ट्रिस्केलची, म्हणजे एका केंद्राभोवती फिरणाऱ्या तीन सर्पिलांच्या, भुजांच्या किंवा पायांच्या खुणेची, ओळख ‘प्राचीन केल्टिक चिन्ह’ अशी करून दिली जाते. या ओळखीतला ‘केल्टिक’, म्हणजे लोहयुगीन युरोपातल्या केल्ट लोकांचा, हा शब्दच आधी तपासून घ्यायला हवा. आयर्लंडमध्ये बॉइन नदीच्या खोऱ्यातल्या न्यूग्रेंज येथील दफनस्मारकात, प्रवेशाच्या शिळेवर आणि आतल्या दालनातही, एकमेकांत गुंतलेली तीन सर्पिले कोरलेली आहेत. हे स्मारक नवाश्मयुगीन शेतकऱ्यांनी सुमारे इ.स.पू. ३२०० मध्ये उभारले. अभ्यासक जिला केल्टिक म्हणतात ती ला तेन कलाशैली मात्र इ.स.पू. पाचव्या शतकात आकाराला आली. दोहोंमध्ये अडीच हजार वर्षांहून अधिक अंतर आहे. शिवाय ला तेन शैलीतील धातुकामावरचे ट्रिस्केल एका मध्यबिंदूतून निघणाऱ्या तीन वक्र भुजांचे असते. न्यूग्रेंजच्या कोरीवकामापासून ते थेट उतरले, हे दाखवणारी सलग परंपरा हाती नाही.

तरीही हे लेबल टिकले, याचे कारण एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत शोधावे लागते. आयर्लंड आणि फ्रान्समधील ब्रिटनी या दोन्ही प्रदेशांत भाषा व अस्मितेच्या चळवळींना लंडन-पॅरिसच्या सत्तेपेक्षा जुने असे काही हवे होते आणि ही खूण त्या गरजेला नेमकी उतरली. ब्रिटनीत तर ती आज जणू प्रादेशिक मुद्राच झाली आहे. ही भावना खरी आणि आदरास पात्र आहे, पण तिच्यामुळे पाच हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पींचे श्रेय दुसऱ्यांच्या नावे जमा होऊ नये.

अर्थाचेही असेच झाले आहे. स्मारक उभारणाऱ्यांकडे लिपी नव्हती, आणि पुढच्या केल्टिक पुरोहितांनी आपली विद्या मुखोद्गतच ठेवली. ‘कुमारी, माता, वृद्धा’ या देवीच्या त्रयीशी या खुणेचा लावला जाणारा संबंध विसाव्या शतकातला आहे. न्यूग्रेंजपुरता सूर्याशी संबंध अधिक वजनदार वाटतो, कारण वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास, म्हणजे २१ डिसेंबरच्या आसपास, उगवत्या सूर्याचा किरण दारावरच्या झरोक्यातून थेट आतल्या दालनात पोहोचतो.

गुडघ्यात वाकलेल्या तीन मानवी पायांचे रूप भूमध्य सागराकडचे. ग्रीक मृत्पात्रांवरील ढालींवर आणि पॅम्फिलियातील (आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील) नाण्यांवर ते दिसते, इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीस सिसिलीतल्या सिराक्यूज नगराच्या नाण्यांवर आल्यावर ते तीन भूशिरांच्या सिसिली बेटाशी कायमचे जोडले गेले. सिसिलीच्या ध्वजावर त्याला अधिकृत स्थान मिळाले ते २००० साली.

ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यामधल्या आइल ऑफ मॅन या बेटावर हेच पाय चिलखत घालून तेराव्या शतकाच्या अखेरीस अवतरतात. नॉर्वेने १२६६ मध्ये हे बेट स्कॉटलंडच्या स्वाधीन केले. स्कॉटलंडच्या राणीच्या भावाला पोपने काही वर्षांपूर्वीच सिसिलीचा राजा म्हणून नेमले होते, त्यामुळे चिन्ह याच नातेसंबंधातून आले असे एक मत आहे. दुसरे मत ते बेटावरील आधीच्या नॉर्स (स्कँडिनेव्हियन वंशाच्या) राजांकडे नेते. कालक्रम आणि रूपातले साम्य पाहता पहिले मत अधिक पटते. ‘कसेही फेकले तरी उभे राहील’ या आशयाचे ब्रीद मात्र १६६८च्या नाण्यांवर दिसते, म्हणजे पाय बेटावर आल्यानंतर जवळपास चार शतकांनी, आणि आज तिथे चिन्हाचा अर्थ म्हणून सांगितले जाते ते हेच ब्रीद.