विश्वाच्या प्रसरणाचा वेग आणि औंढ्याची वेधशाळा

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळच्या, गुरुत्वीय लहरी म्हणजे अवकाशकाळात उठणारे तरंग टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्र सरकारने 2023 मध्ये अंतिम मंजुरी दिली, तेव्हापासून मराठवाड्यात तिची ओळख कृष्णविवरांचा मागोवा घेणारा प्रकल्प अशीच करून दिली जाते. विश्व किती वेगाने प्रसरण पावते, या वादातही तिचा कौल मोलाचा ठरेल आणि मला तिचे हेच काम अधिक महत्त्वाचे वाटते.

दीर्घिका किती वेगाने दूर जाते, हे तिच्या वर्णपटातील रेषा तांबड्या रंगाकडे किती सरकल्या आहेत यावरून कळते. अवघड असते ते अंतर. खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेविट यांनी तेज ठरावीक काळाने कमी-जास्त होणाऱ्या सेफीड ताऱ्यांचा आवर्तनकाळ आणि त्यांची मूळ तेजस्विता यांतील संबंध 1912 मध्ये स्पष्ट केला, म्हणूनच एडविन हबल यांना 1929 मध्ये दीर्घिकांची अंतरे व वेग यांची सांगड घालता आली. दीर्घिका जितकी दूर तितका तिचा वेग जास्त, हा निष्कर्ष अचूक होता; पण अंतरे फार कमी धरली गेल्याने प्रसरणाचा दर मेगापार्सेकमागे, म्हणजे सुमारे 32.6 लाख प्रकाशवर्षांमागे, सेकंदाला 500 किलोमीटर असा भलताच मोठा आला. आज सेफीड आणि अतिनवतारे (स्फोट होणारे तारे) यांच्यावरून तो सुमारे 73 येतो, तर प्लँक उपग्रहाने टिपलेल्या, विश्वाच्या आरंभकाळापासून उरलेल्या आद्य प्रारणावरून 67.4. ही तफावत दोन्ही मोजमापांत गृहीत धरलेल्या त्रुटींपेक्षा मोठी आहे.

ताऱ्यांच्या तेजावर विसंबून न राहता अंतर काढता येईल, हे भौतिकशास्त्रज्ञ बर्नार्ड शुट्झ यांनी 1986 मध्ये दाखवले. एकमेकांभोवती फिरत जवळ येणाऱ्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मृत ताऱ्यांच्या अतिघन गाभ्यांच्या) गुरुत्वीय लहरींची वारंवारिता कशी वाढत जाते, यावरून त्या मुळात किती प्रबळ होत्या हे समजते, आणि आपल्यापर्यंत येताना त्या किती क्षीण झाल्या यावरून अंतर थेट निघते. 17 ऑगस्ट 2017 रोजी अशा लहरी नोंदल्या गेल्या, सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षे दूरच्या एनजीसी 4993 दीर्घिकेत त्यांचा स्रोत दुर्बिणींना सापडला आणि प्रसरणाच्या दराचे उत्तर आले सुमारे 70. मात्र त्यातील अनिश्चितता एवढी होती की 67 आणि 73 दोन्ही तीत बसत होते.

निवाड्यासाठी अशा अनेक घटना हव्यात आणि प्रत्येकीची दीर्घिका ओळखता यायला हवी. लहरी निरनिराळ्या वेधशाळांत किंचित वेगवेगळ्या क्षणी पोहोचतात, त्या फरकावरून स्रोताची दिशा ठरते. त्यामुळे अमेरिकेतील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील लायगो वेधशाळा आणि इटलीतील व्हर्गो वेधशाळा यांच्यापासून हजारो किलोमीटर दूर असलेली औंढ्याची जागाच उपयोगाची आहे. शिवाय दूरची पण आपल्याकडे तोंड करून फिरणारी जोडी आणि जवळची पण कललेली जोडी यांच्या लहरी सारख्याच प्रबळ भासू शकतात, आणि हा घोळ सोडवायला वेगळ्या दिशेने मांडलेल्या औंढ्याच्या चार किलोमीटर लांबीच्या आणखी दोन भुजांची (लहरी टिपणाऱ्या लांब नळ्यांची) मदत होईल.