चोवीस मजले उतरवताना

नोएडातले जुळे टॉवर २८ ऑगस्ट २०२२ च्या दुपारी कोसळले, ते अख्ख्या देशाने टीव्हीवर पाहिलं. दहा सेकंदही लागले नाहीत. तेव्हापासून मुंबईत एखादी जुनी उंच इमारत पाडायची निघाली की आसपासचे रहिवासी हमखास विचारतात, 'सुरुंग लावून एकदाचं मोकळं का होत नाहीत?' वर्षभर पत्रे, हिरवी जाळी, ब्रेकरची धडधड आणि घरभर धूळ सोसायची असेल तर प्रश्न रास्तच आहे.

नोएडाचा हिशेब आधी बघू. दोन्ही टॉवर मिळून राडारोडा निघाला सुमारे ८०,००० टन. स्फोटकं वापरली सुमारे ३,७०० किलो. टॉवर शंभर मीटरच्या आसपास उंच, म्हणजे त्यांचं वजन सरासरी पन्नास मीटरवर टांगलेलं होतं असं धरायला हरकत नाही. एवढं वजन तेवढ्या उंचीवरून खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते, ती त्या स्फोटकांच्या ऊर्जेच्या अडीच-तीन पट भरते. स्फोटकांनी ठरावीक मजल्यांवरचे खांब ठरावीक क्रमाने, क्षणार्धाच्या अंतराने निकामी केले. टॉवर पाडला तो गुरुत्वाकर्षणाने. हे काम करणारी एडिफिस इंजिनिअरिंग ही कंपनी मुंबईचीच, सोबतीला दक्षिण आफ्रिकेची जेट डिमॉलिशन. तेव्हा मुंबईकरांना हे जमत नाही, असं काही नाही.

आता दक्षिण मुंबईत येऊ. शहराच्या या टोकाला उंच हॉटेलं आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या त्या मुख्यतः १९७० च्या दशकात. ताजचा टॉवर, नरिमन पॉइंटचं ओबेरॉय, एअर इंडियाची इमारत, सगळ्या त्याच काळातल्या. समजा, चर्चगेट ते नरिमन पॉइंटच्या पट्ट्यात त्याच वयाचं एक चोवीस मजली हॉटेल आहे. आरसीसीचं बांधकाम, दर मजल्याचं क्षेत्रफळ ९०० चौरस मीटर, खाली दोन तळघरं. हे हॉटेल काल्पनिक आहे, पण पुढची गणितं कुठल्याही खऱ्या इमारतीला थोड्याफार फरकाने लागू पडतील.

अशा इमारतीचं वजन दर चौरस मीटरला साधारण १.१ टन धरतात. म्हणजे एकूण २४,००० टनांच्या घरात. हे एका दणक्यात जमिनीवर आदळलं तर हादरा शेजारी पोचणारच. आपल्या खाणसुरक्षा महासंचालनालयाने सुरुंगांच्या हादऱ्यांसाठी १९९७ मध्ये मर्यादा घालून दिल्या. ऐतिहासिक आणि नाजूक वास्तूंजवळ कंपनं कमी वारंवारितेची, म्हणजे सेकंदाला मोजकेच हेलकावे देणारी, असतील तर जमीन सेकंदाला २ मिलिमीटरपेक्षा जास्त वेगाने हलता कामा नये. ओव्हल मैदान ते मरीन ड्राइव्हचा आर्ट डेको पट्टा २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि रस्त्याखालून भुयारी मेट्रो धावते. शिवाय राडारोडा पसरायला चहूबाजूंनी मोकळी जागा हवी. इथे शेजारच्या इमारतीच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे हात लांबवून काढता येतील, एवढंच अंतर. सुरुंगाचा विचार इथेच संपतो.

मुळात पाडायचंच कशाला, हेही विचारायला हवं. बिल्डरचं उत्तर एफएसआय असतं, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधता येईल त्याचं प्रमाण. इंजिनिअरचं उत्तर काँक्रीटच्या आत दडलेलं असतं. खांबाला भोक पाडून एक नळकांडं, म्हणजे कोअर, काढतात आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारतात. शाळेतल्या प्रयोगशाळेत वापरायचो तेच रसायन. काँक्रीट निरोगी असेल तर ते चांगलंच अल्कधर्मी असतं आणि कोअर झटकन गडद गुलाबी होतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड जिथवर मुरला असेल तिथवर मात्र रंग चढतच नाही. बाहेरच्या बाजूने दोन बोटं करडा आणि मग गुलाबी, असा कोअर हातात आला की समजायचं, सळईभोवतीचं अल्कधर्मी कवच गेलं. समुद्राकडून येणारे क्लोराइडचे कण याहून वाईट. अल्कधर्मी काँक्रीटमध्येही ते सळईवरचा संरक्षक थर फोडतात. लोखंडाचा गंज मूळ धातूच्या कितीतरी पट जागा व्यापतो. तो आतून रेटा देतो आणि गॅलरीखालचे पोपडे सळईसकट लोंबायला लागतात.

दुसरी अडचण भूकंपाची. मुंबई भूकंपप्रवणतेच्या नकाशावर तिसऱ्या क्षेत्रात मोडत आली आहे. हादऱ्यात काँक्रीट फुटू नये म्हणून खांबातल्या रिंगांचे हूक कसे वळवायचे, हे सांगणारी आयएस १३९२० ही संहिता आली १९९३ मध्ये. सत्तरच्या दशकातल्या खांबांत तशा रिंगा सापडण्याची आशा धरू नये.

तरीही सगळंच पाडावं लागतं असं नाही. सिडनीत १९७६ चा एएमपी सेंटर टॉवर पाडण्याऐवजी त्याचे ६० टक्क्यांहून अधिक खांब, तुळया आणि स्लॅब आणि जवळपास सगळा मधला गाभा ठेवून २०२२ मध्ये त्यातूनच क्वे क्वार्टर टॉवर उभा केला. आपल्याकडे एअर इंडियाची इमारत राज्य सरकारने १,६०१ कोटी रुपयांना घ्यायचं ठरवलं ते कचेऱ्यांसाठी. वांद्र्याच्या सी रॉकचं नशीब वेगळं. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत ते हॉटेल सापडलं, पुढे जमीनदोस्त झालं आणि तिथल्या नव्या ताजचं भूमिपूजन व्हायला फेब्रुवारी २०२५ उजाडला. आमच्या काल्पनिक हॉटेलचा कोअर करडा निघाला, असं धरून पुढे जाऊ.

पहिले काही आठवडे बाहेरून काहीच घडताना दिसत नाही. आत मात्र हॉटेल सोलून काढायचं काम चालू असतं. गाद्या, दारं, टब, आरसे, लिफ्ट, किचनमधली स्टीलची टेबलं निघतात. हॉटेलचं सामान घरच्यासारखं नसतं, एकाच मापाची शेकडो दारं आणि शेकडो बेसिन एकदम बाजारात येतात, त्यामुळे जुन्या सामानाचे व्यापारी टपूनच असतात. कित्येकदा पाडकामाचा कंत्राटदारच मालकाला पैसे मोजतो, कारण भंगार त्याचं. एवढ्या आकाराच्या इमारतीत सळयाच सातशे-आठशे टन सहज निघतात. या टप्प्यावर जपावं लागतं ते दोन गोष्टींना. गरम पाण्याच्या जुन्या पाइपांवर ॲस्बेस्टॉसचं वेष्टण असू शकतं. ते ओलं करून, वेगळं बांधूनच काढायचं. आणि जुन्या एसी प्लांटमधला वायू मोकळा सोडायचा नाही, ओझोनच्या थराचं वाटोळं करणाऱ्यांपैकी तोही एक.

मग मशीन वर चढतं. आणि इथे खरी मेख आहे.

हॉटेलच्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलो चालता-बोलता भार सोसेल, असा धरून बांधलेला असतो. माणसं, पलंग, कपाट. त्यावर आता पाच टनांचं पोकलेन चढवायचं, तेही ब्रेकरचे हादरे देत. म्हणून मशीनखालच्या दोन-तीन मजल्यांवर लोखंडी टेकूंचं रान उभं करतात, म्हणजे भार एकाच स्लॅबवर न पडता तिघाचौघांत वाटला जातो. पण मशीनपेक्षा धोकादायक असतो तो साचलेला राडारोडा. फुटलेलं काँक्रीट सैल पडलं तरी घनमीटरला दीड टन भरतं. गुडघाभर, म्हणजे अर्धा मीटर ढीग साचला तर चौरस मीटरला ७५० किलो. स्लॅबच्या ऐपतीच्या जवळजवळ चौपट. संध्याकाळी घाईत उचलायचा राहिलेला ढीग, त्यावर रात्री पाण्याची फवारणी, आणि पहाटे वरचा स्लॅब खालच्यावर, खालचा त्याच्या खालच्यावर. पाडकामातल्या अपघातांची ही नेहमीची तऱ्हा. त्यामुळे मुकादम कामाचा माणूस आहे की नाही, हे त्याच्या हातोड्यापेक्षा त्याच्या झाडूवरून ओळखावं. राडारोडा लिफ्टच्या रिकाम्या डक्टमधून खाली सोडतात आणि तळाशीही तो तुंबू देत नाहीत, नाहीतर डक्टच्या भिंती बाहेर फुगतात.

क्रमही मोडायचा नसतो. इमारत बांधताना भार स्लॅबवरून तुळईवर, तुळईवरून खांबावर, खांबावरून पायावर गेला. पाडताना आधी स्लॅब, मग तुळया, शेवटी खांब. पाडकामाच्या सुरक्षेची आयएस ४१३० ही भारतीय संहिताही वरून खाली, मजल्यामागून मजला असंच सांगते. गॅलरीसारख्या बाहेर आलेल्या भागांची खोड अशी, की त्यांना मागच्या स्लॅबच्या वजनाने तोलून धरलेलं असतं. मागचा भाग आधी फोडला तर गॅलरी रस्त्यावर.

हॉटेलात आणखी एक भानगड असते. वर खोल्या छोट्या, त्यामुळे चार-चार मीटरवर खांब किंवा भिंती. खाली लॉबी आणि लग्नाचा हॉल, तिथे मध्ये खांब आला तर कोण बुकिंग करणार? मग वरच्या सगळ्या खांबांचा भार एका मजल्यावर माणसाच्या उंचीहून जाड तुळयांवर घेऊन बाजूच्या मोजक्या खांबांत उतरवतात. पाडणारे त्या मजल्यावर पोचले की वेग मंदावतो. ब्रेकरने ठोकत बसण्यापेक्षा हिऱ्याच्या मण्यांची तार तुळईभोवती गुंडाळून, पाणी सोडत तिचे तुकडे कापतात आणि क्रेनने उतरवतात. तार कापत असताना आवाज फारसा होत नाही आणि धूळ चिखल होऊन खाली गळते. खर्च बराच, पण शेजारी भांडत नाहीत.

या बाबतीत जपानी लोकांनी कहर केला. टोकियोत केन्झो तांगे यांनी रेखाटलेलं अकासाका प्रिन्स हे सुमारे १४० मीटर उंचीचं हॉटेल २०१२-१३ मध्ये उतरवलं गेलं. तैसेई कंपनीने सगळ्यात वरचं छप्पर तसंच ठेवलं, त्याखाली बंदिस्त जागेत मजले कापले, आणि जॅकच्या साहाय्याने छप्पर खाली खाली आणत नेलं. लांबून पाहणाऱ्याला हॉटेल रोज थोडं बुटकं होताना दिसायचं. तुकडे आतूनच खाली सोडताना क्रेनच्या मोटारी उलट्या फिरून वीजही तयार होई. ती वीज किती, याचं फार अप्रूप नको. आमच्या चोवीस मजल्यांची सगळी स्थितिज ऊर्जा, थेंबही वाया न घालवता, विजेत बदलली तरी ती भरते सुमारे २,४०० युनिट. महिन्याला दोनशे युनिट जाळणाऱ्या एका घराचं वर्षभराचं बिल, बस.

खाली जमलेल्या २४,००० टनांचं काय? सोळा टनांचा डंपर धरला तर पंधराशे खेपा, आणि दक्षिण मुंबईत अवजड वाहनांवर दिवसा निर्बंध. पूर्वी हा माल गुपचूप खाडीत नाहीतर कांदळवनात जायचा. अजूनही जात नाही असं छातीठोकपणे म्हणवत नाही. तो चुरून, चाळून पुन्हा वापरता येतो. २०१६ च्या आयएस ३८३ या खडी-वाळूच्या मानकानुसार आरसीसीत, एम-२५ या ताकदीच्या दर्जापर्यंत, खडीच्या २० टक्के ही पुनर्वापराची खडी चालते. साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, आणि पायाखालच्या हलक्या दर्जाच्या थरात सगळीच्या सगळी. आपले बांधकामवाले तिच्याकडे संशयानेच बघतात, कारण तिला चिकटलेलं जुनं सिमेंट पाणी जास्त पितं. हा दोष खरा आहे, पण मिश्रणात पाण्याचा हिशेब नीट ठेवला तर भागतो.

सगळ्यात शेवटी तळघर, आणि बघ्यांची गर्दी तोवर ओसरलेली असते. नरिमन पॉइंट म्हणजे समुद्र हटवून केलेली जमीन. बॅकबे भरावातल्या गैरव्यवहारांवर तुटून पडलेल्या खुर्शेद नरिमन यांचंच नाव तिला मिळालं, हा इतिहासाचा खवचटपणा. भरावात दोन-तीन मीटर खणलं की पाणी. तळघराचा तळ आठ मीटर खोल आणि पाणी दोन मीटरवर असेल तर तळाला खालून चौरस मीटरला सहा टनांचा रेटा बसतो. टॉवर उभा होता तोवर त्याच्यापुढे २५ टनांहून जास्त वजन होतं, तेव्हा या रेट्याला कोणी विचारलं नाही. टॉवर उतरवल्यावर उरतो तळघराचा साडेपाच टनांच्या आसपासचा भार, आणि टाकीत दाबून धरलेली रिकामी बादली हात सुटताच उसळावी तसं तळघर वर यायला बघतं. पूर्ण तरंगलं नाही तरी तळाचा स्लॅब मधोमध फुगतो, तडकतो आणि खारं पाणी आत येतं. वजन उतरल्याने खालची जमीनही किंचित वर येते; जवळून मेट्रोचा बोगदा जात असेल तर त्याच्या हालचालीवर मिलिमीटरच्या हिशेबाने पाळत ठेवावी लागते.

तळघराचे स्लॅब फोडायचे तर आणखी पंचाईत. आजूबाजूच्या मातीचा आणि पाण्याचा दाब भिंतींवर असतो, आणि त्या भिंतींना आडवा आधार याच स्लॅबचा. तो काढला की भिंत आत झुकणार आणि मागचा रस्ता, गटार, शेजाऱ्याचं कंपाउंड तिच्या पाठोपाठ. म्हणून आधी एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत लोखंडी आडण्या ठोकतात, पाणी उपसणारे पंप रात्रंदिवस चालू ठेवतात, आणि त्यांना वेगळा जनरेटर देतात. दुसरी युक्ती मला जास्त आवडते: वरून आलेलं काँक्रीट तिथेच चुरायचं आणि त्यानेच तळघर भरून टाकायचं. वजन परत मिळतं, भिंतींना टेकू मिळतो, डंपरच्या काही खेपा वाचतात, आणि नवे पाइल, म्हणजे जमिनीत खोलवर जाणारे पायाचे खांब, ठोकणारं अवजड रिग उभं करायला टणक ओटा तयार होतो.

ते रिग मग जुन्या पाइल्सना अडतं. बेसॉल्टमध्ये रुतवलेले पन्नास वर्षांपूर्वीचे पाइल उपटणं जवळपास अशक्य, आणि त्यांचे मूळ नकाशे बहुधा हरवलेले. त्यामुळे जुने पाइल शोधून एकेकाची जागा नोंदवतात, आणि नव्या टॉवरचे खांब कुठे येणार ते त्यांच्या मधल्या फटी बघून ठरतं.