ऑस्ट्रेलियन नाटकातली बोली आणि 'मेट'

ऑस्ट्रेलियन माणूस कसा असतो हे तिथल्या नाटककारांनी दाखवलं ते मुख्यतः त्याच्या बोलण्यातून. आधी बराच काळ मोठ्या थिएटरांत लंडनचीच नाटकं आणि लंडनचेच उच्चार चालायचे. १९४८ मध्ये समनर लॉक इलियटच्या 'रस्टी ब्यूगल्स'मधले सैनिक छावणीत बोलतात तसेच शिव्या देत बोलायला लागले, तर सरकारने थेट बंदीच घातली.

खरा बदल १९५५ चा. रे लॉलरचं 'समर ऑफ द सेव्हन्टीन्थ डॉल' मेलबर्नला आलं आणि त्यात स्वतः लॉलरनेच बार्नीचं काम केलं. रू आणि बार्नी क्वीन्सलंडमध्ये सात महिने ऊस तोडणार, मग उरलेले पाच महिने मेलबर्नच्या कार्लटनमध्ये मैत्रिणींकडे मजा, आणि रू दरवर्षी त्याच्या मैत्रिणीसाठी, ऑलिव्हसाठी, एक क्यूपी बाहुली (जत्रेत मिळते तसली गुबगुबीत बाहुली) आणणार. सतराव्या वर्षी रूची पाठ गेलेली, एका पोरगेल्या तोडणीवाल्याशी मारामारी करून तो काम सोडून निघालेला आणि बार्नी त्याच्यासोबत न येता तिथेच थांबलेला. रू आणि बार्नीच्या भांडणाचं मूळ हेच, कारण तिथे मेट म्हणजे नुसता दोस्त नव्हे, मेटने साथ सोडली म्हणजे सगळं संपलं. रूला मनातलं बोलताच येत नाही. ऑलिव्ह लग्नाला नाही म्हणते तेव्हा तो बाहुली आपटून फोडतो, आणि माझ्या मते अख्ख्या नाटकातला सगळ्यात मोठा डायलॉग तोच. १९५७ ला लंडनमध्ये नाटक गाजलं, न्यूयॉर्कला मात्र महिनाभरही टिकलं नाही.

या मेटवाल्या आपुलकीची दुसरी बाजू अॅलेक्स ब्यूझोने १९६८ मध्ये 'नॉर्म अँड अहमद'मधून काढली. सिडनीत मध्यरात्री नॉर्म हा गोरा ऑस्ट्रेलियन अहमद नावाच्या एका पाकिस्तानी स्टुडंटकडे सिगारेट पेटवायला काडी मागतो, मग गप्पा, अगदी जिव्हाळ्याच्या वगैरे. गंमत म्हणजे अहमदचं इंग्रजी पुस्तकी आणि अदबशीर, नॉर्मचं रस्त्यावरचं, पण घरचा कोण आणि परका कोण हे ठरवणार नॉर्म. शेवटी तो त्याला बडवतोच, वर एक घाण शिवी. त्या एका शिवीपायी नटांवर पोलिस केस झाल्या!

जॅक डेव्हिस स्वतः नूंगर, म्हणजे तिथल्या मूळ लोकांपैकी. त्याच्या 'नो शुगर'मध्ये (१९८५) इंग्रजीत नूंगर शब्द सहज मिसळलेत. सुरुवातीलाच, साल १९२९, पोरं घरी बनवलेल्या बॅटबॉलने क्रिकेट खेळतायत आणि जो नावाचा तरुण गोऱ्यांच्या वसाहतीच्या शताब्दीची पेपरातली बातमी अडखळत, एकेक शब्द जुळवत वाचून दाखवतोय.